कापल्याशिवाय

स्कॉर्दियाच्या पॅकिंगघरात
पट्ट्यासमोर उभी आहे मी, एकवीस हिवाळे.
संत्री येतात, संत्री जातात.
सालीवरून काही कळत नाही.
गालावर लाली चढलेलं आत फिकट निघतं
आणि एखादं पिवळट, कुणी ढुंकूनही पाहू नये असं,
कापावं तर फळीवर डाग राहतो संध्याकाळपर्यंत.

म्हणून पेटीमागे एक कापायचं, असा नियम.
एकाच्या जिवावर बाकीच्यांची पत.

हे लाल येतं कुठून?
म्हातारा चिरीनो म्हणे, डोंगरातून.
खाली एटनाची आग, वर तिचंच बर्फ,
मधल्यामधे सापडलेलं फळ करणार काय?
मुकादम म्हणे, खतातून.
गाडीवाला म्हणे, हुतात्म्याचं रक्त,
आणि क्रूस करून पुढच्याच दमात भाव पाडे.

चिरीनोची पुतणी अग्रिपीना शिकून आली.
जेवणाच्या सुट्टीत पाव मोडता मोडता तिने सांगितलं:
लाल कसं करायचं ते प्रत्येक संत्र्याला ठाऊक असतं,
पण ते ठाऊक असणं झोपलेलं असतं.
कधीकाळी एका झाडात
एक भटका तुकडा आला, त्या झोपलेल्याशेजारी बसला.
भटाला दिली ओसरी.
याला थंडी सोसत नाही.
रात्र गार पडली की हा ओरडतो,
शेजारी दचकून उठतो
आणि उठलाच आहे तर रंग कालवायला घेतो,
वांग्याच्या सालीतला, जांभळातला, तोच.
त्या एका झाडाच्या डोळ्यांवरून
हे सगळे मळे बांधलेत, कलमावर कलम.

मी विचारलं, आणि ग्रेपफ्रूटचं लाल?
ते निराळं, ती म्हणाली. ते टोमॅटोचं.
त्याला ऊन लागतं.

त्या वर्षी जानेवारीत आम्ही खिडक्या उघड्या टाकून झोपलो.
वारा आफ्रिकेकडून, दातांत वाळू.
डोंगराच्या डोक्यावर बर्फ म्हणावं तर चुन्याचा एक फराटा.
पट्ट्यावर मी कापत गेले:
फिकट. फिकट. एक गुलाबी शीर. फिकट.
जर्मनीचा ट्रक अर्धा भरून गेला.
चिरीनो दारात टोपी हातात घेऊन उभा,
जणू आत कुणाचं तरी प्रेत आहे.

अग्रिपीनाने चाळीस पेट्या शीतघरात ठेवल्या.
आठ अंश.
दर शनिवारी जाड कोट घालून मी आत जायची,
एक कापायची, वहीत लिहायची.
पहिल्या शनिवारी काही नाही.
दुसऱ्याही.
तिसऱ्या शनिवारी पडद्याकडेने एक धागा,
शिवण उसवल्यासारखा.
पाचव्या शनिवारी सुरीवरून थेंब मनगटावर आला
आणि त्या निळ्या दिव्याखाली तो काळा दिसला.

चिरीनोने फोड तोंडात धरली, कितीतरी वेळ.
रंग आहे, म्हणाला.
मग बी थुंकायला बाहेर गेला.
आमच्या संत्र्याला बी नसते.

पेट्या विकल्या गेल्या. भावही बरा आला.

मार्चच्या सुरुवातीला एका रात्री वारा फिरला.
नळाचं पाणी बोटांना चावलं.
पाठोपाठ तीन रात्री तसंच.
नंतरच्या सोमवारी, अजून तांबडं फुटायचं होतं,
दारावर टकटक: चिरीनो.
डोंगराकडच्या बांधावरचं एक झाड
त्याने तोडलंच नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं.
हातात एकच संत्रं, देठाला दोन पानं,
सालीवर लालीचा मागमूस नाही.

तू सांग, म्हणाला. एकवीस वर्षं बघतेयस.

मी ते तळहातावर घेतलं. गार होतं.
दुसऱ्या तळहातावर घेतलं.
त्याचं धोतऱ्याच्या बोंडासारखं खुंट वाढलेलं तोंड
माझ्या तोंडाकडे लागलेलं.

लाल, मी म्हणाले.

सुरी आत टेबलावरच होती.
ती आणायला आम्ही दोघांपैकी कुणीच उठलं नाही.